वापरकर्त्याच्या माहितीची साठवण आणि फेरउभारणी

१. एक जुना अपघात

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली प्रथम दाखविण्यात आलेली ‘सीटीएसएस’ ही प्रणाली, एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणाऱ्या आद्य प्रणालींपैकी एक होय. संगणकाचे वापरकर्ते अनेक झाले म्हणजे त्यांतील कोण कोणता हे ओळखणे ओघानेच आले. आणि ओळखावयाचे तर प्रत्येकाची काही माहिती कोठे तरी साठवून ठेवणे भाग पडले. या प्रणालीत सर्वांचे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. पुढे १९६० च्या दशकातच एके दिवशी असे घडले की, जो कोणी प्रणालीत प्रवेश करी, त्याच्यापुढे त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊ लागली.

या प्रकाराचे कारण मोठे उद्बोधक आहे. दोन व्यवस्थापक एकाच निर्देशिकेत एकाच वेळी संपादन करीत होते. एकाच्या हाती दिवसाची सूचना होती, तर दुसऱ्याच्या हाती पासवर्डांची फाइल. एका निर्देशिकेत एका वेळी एकच माणूस काम करील असे गृहीत धरून संपादनाची आज्ञावली आपल्या तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच ठरावीक नाव देत असे. परिणामी एकाची फाइल दुसऱ्याची समजली गेली, आणि जी माहिती सर्वांत गुप्त ती सर्वांत उघड्या जागी जाऊन बसली.

या एका अपघातात तीन दोष एकत्र आलेले दिसतात. जे साठवावयास नको होते ते साठविले गेले. दोन भिन्न वस्तूंना एकच नाव मिळाल्याने त्यांची ओळख पुसली गेली. आणि दोघे जण एकाच वेळी काम करतील ही शक्यता विचारात घेतली गेली नाही. आज वापरकर्त्याची माहिती साठविण्यासाठी ऑब्जेक्टांवर आधारलेल्या प्रगत लायब्ररी उपलब्ध आहेत. यांतील दुसरा दोष त्या बहुतांशी टाळतात आणि तिसरा, सांगितल्यास, टाळू शकतात. पहिल्या दोषापासून मात्र कोणतीही लायब्ररी आपण होऊन वाचवीत नाही. तिला जे सांगावे ते ती निमूटपणे साठविते. लायब्ररीचे काम कोठे संपते आणि आज्ञावलीकाराची जबाबदारी कोठे सुरू होते, ही सीमारेषा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल पायथन भाषेतील ‘एसक्यूएल-अल्केमी’ ही लायब्ररी घेतली आहे. मायकेल बायर यांनी निर्माण केलेली ही लायब्ररी २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिची २.० ही आवृत्ती २०२३ साली आली.

२. ऑब्जेक्ट आणि ओळ

ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांनी ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये घडविलेल्या सिम्युला भाषेतून, विशेषतः तिच्या १९६७ च्या रूपातून, पुढे आली. माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांची एकत्र बांधलेली मोट म्हणजे ऑब्जेक्ट; आणि अशा एका जातीच्या ऑब्जेक्टांचा साचा म्हणजे वर्ग. ‘वापरकर्ता’ हा वर्ग मानल्यास नाव, ई-मेल व पत्ता ही प्रत्येक वापरकर्त्याची माहिती होते. आणि ‘पासवर्ड पडताळून पाहा’ ही त्याची क्रिया होते.

माहितीच्या दीर्घकालीन साठवणीचा विचार मात्र निराळ्या मार्गाने वाढला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सर्व माहिती कोष्टकांत असते. कोष्टकात ओळी असतात, ओळीत मूल्ये असतात, आणि एका ओळीचा दुसरीशी असलेला संबंधही मूल्यांनीच व्यक्त होतो. क्रियांना तेथे स्थान नाही.

या दोहोंतील अंतर तीन ठिकाणी विशेष जाणवते. पहिले अंतर ओळखीचे. स्मृतीतील ऑब्जेक्टाची ओळख त्याच्या स्थानावरून ठरते. तंतोतंत सारखी मूल्ये असलेले दोन ऑब्जेक्टही दोनच राहतात. ओळीची ओळख मात्र तिच्या किल्लीच्या मूल्यावरून, म्हणजे सामान्यतः एका क्रमांकावरून ठरते. दुसरे अंतर संबंधांचे. ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टाकडे थेट निर्देश करतो. ओळ दुसऱ्या ओळीची किल्ली आपल्या एका रकान्यात बाळगते. तिसरे अंतर आयुष्याचे. आज्ञावली थांबताच ऑब्जेक्ट नाहीसा होतो, ओळ मागे राहते. तेव्हा ‘ऑब्जेक्ट साठविला’ असे बोलण्याची रीत असली, तरी प्रत्यक्षात साठविली जाते ती त्याची त्या क्षणाची अवस्था होय. वर्ग आणि त्याच्या क्रिया आज्ञावलीतच राहतात.

यावर एक सोपा वाटणारा उपाय असा की, ऑब्जेक्टाचे बाइटांच्या मालिकेत रूपांतर करून ती मालिका फाइलीत ठेवून द्यावी. पायथनमध्ये ‘पिकल’ नावाची सोय नेमके हेच करते. अल्पकाळासाठी व आपल्याच आज्ञावलीपुरती ती उपयोगी असली, तरी वापरकर्त्यांच्या माहितीसाठी ती दोन कारणांनी अयोग्य ठरते. अशा मालिकेत वर्गाची नोंद केवळ त्याच्या नावाने व स्थानाने होते. पुढे वर्गाचे नाव बदलले किंवा तो दुसऱ्या विभागात हलविला, तर जुन्या फाइली वाचता येत नाहीत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अशी मालिका वाचताना तीत लपविलेल्या आज्ञाही चालविल्या जाऊ शकतात. म्हणून परक्याकडून आलेली मालिका कधीही वाचू नये, असा स्पष्ट इशारा पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे.

३. साठवण कशी होते

एसक्यूएल-अल्केमीत वर्गाचा कोणता गुणधर्म कोष्टकाच्या कोणत्या रकान्याशी जोडावयाचा, हे आज्ञावलीकार एकदाच सांगून ठेवतो. त्यानंतरची ने-आण ‘सेशन’ नावाचा मध्यस्थ पाहतो. मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात अशा मध्यस्थांच्या रचनांना नावे दिलेली आहेत. त्यांपैकी ‘युनिट ऑफ वर्क’ आणि ‘आयडेंटिटी मॅप’ या दोन रचना सेशनमध्ये एकत्र आल्या आहेत.

समजा, विद्यापीठातील एका विभागासाठी प्रवेश-अर्जांची प्रणाली तयार करावयाची आहे. नव्या विद्यार्थ्याची माहिती आली, तिच्यावरून वापरकर्ता-वर्गाचा एक ऑब्जेक्ट घडविला. या क्षणी डेटाबेसला त्याची वार्ताही नसते. तो सेशनच्या स्वाधीन केला म्हणजे त्याची स्थिती ‘प्रतीक्षेतील’ अशी होते. परंतु अद्याप एकही ओळ लिहिली गेलेली नसते. सेशन जेव्हा साचलेले सर्व बदल एकदम डेटाबेसकडे पाठविते, तेव्हा ओळ तयार होते, डेटाबेस तिला क्रमांक देतो, आणि तो क्रमांक ऑब्जेक्टावर लिहिला जातो. येथपासून त्या ऑब्जेक्टाला स्मृतीबाहेरची ओळख प्राप्त होते. तरीही काम पुरे झालेले नसते. व्यवहार कायम करण्याची आज्ञा होईपर्यंत लिहिलेले सर्व काही मागे घेता येते. आणि मध्येच चूक होऊन व्यवहार रद्द झाला, तर ती ओळ कधी नव्हतीच असे होते.

‘पाठविणे’ आणि ‘कायम करणे’ या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, हे नवशिक्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही. क्रमांक मिळाला म्हणजे नोंद झाली, अशा समजुतीने त्या क्षणीच विद्यार्थ्याला नोंदणीचे पत्र धाडले, आणि पुढच्या पायरीस व्यवहार रद्द झाला, तर त्या विद्यार्थ्याच्या हाती अस्तित्वात नसलेल्या नोंदीचा क्रमांक राहील. पत्र धाडावयाचे ते व्यवहार कायम झाल्यानंतरच.

आधीच साठविलेल्या ऑब्जेक्टाचा एखादा गुणधर्म बदलला, तर सेशन त्या बदलाची नोंद ठेवते आणि केवळ बदललेलेच रकाने डेटाबेसकडे पाठविते. ही सोय मोलाची असली, तरी तिच्या डोळ्यांची एक मर्यादा आहे. गुणधर्माला नवे मूल्य दिले तरच बदल तिला दिसतो. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी एकाच रकान्यात ‘जेसॉन’ स्वरूपाच्या संचात ठेवल्या असतील, आणि तो संच तसाच ठेवून त्यातील एखादीच नोंद आतल्या आत बदलली, तर सेशनच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. पडद्यावर नवी निवड दिसते, कोणतीही त्रुटी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जुनीच निवड परत येते. यासाठी त्या रकान्यावर बदलांची दखल घेणारा विशेष प्रकार योजावा लागतो. लायब्ररीत तो उपलब्ध आहे. पण तो योजण्याची आठवण आज्ञावलीकारालाच ठेवावी लागते.

४. फेरउभारणी कशी होते

साठवण उलट्या क्रमाने केली म्हणजे माहिती परत मिळते, असे प्रथमदर्शनी वाटते; पण तसे नाही. ऑब्जेक्ट प्रथम घडविताना पायथनमध्ये ‘इनिट’ नावाची क्रिया चालते. नवे नाव योग्य आहे काय हे तपासणे, नोंदणीची तारीख घालणे, अशी कामे तिच्यात लिहिण्याचा प्रघात आहे. डेटाबेसातील ओळीवरून ऑब्जेक्ट पुन्हा उभारताना मात्र एसक्यूएल-अल्केमी ही क्रिया चालवीत नाही. हे योग्यच आहे. कारण वापरकर्त्याची नोंदणी एकदाच होते, त्याचे वाचन सहस्र वेळा. प्रत्येक वाचनाच्या वेळी नोंदणीची तारीख नव्याने पडू लागली, तर नोंदीचा अर्थच नाहीसा होईल. परंतु जी तयारी प्रत्येक ऑब्जेक्टासाठी आवश्यक आहे, ती केवळ ‘इनिट’मध्ये लिहिली असेल, तर परत वाचलेला ऑब्जेक्ट तीवाचून अपुरा राहील. अशा तयारीसाठी लायब्ररीत फेरउभारणीच्या वेळी चालणारी वेगळी सोय ठेवलेली आहे. एवंच, वापरकर्त्याचा ‘जन्म’ आणि त्याची ‘आठवण’ या दोन घटना वेगळ्या मानूनच वर्गाची रचना केली पाहिजे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. एकाच आज्ञावलीत दोन ठिकाणांहून पाचव्या क्रमांकाचा वापरकर्ता मागविला गेला, तर दोन ऑब्जेक्ट उभे राहावेत की एक? दोन उभे राहिले, एकाचा पत्ता बदलला व दुसऱ्याचा जुनाच राहिला, तर खरा कोणता हे कोण सांगणार? यास्तव सेशन एक नकाशा बाळगते. त्यात वर्ग व किल्ली यांच्या जोडीपुढे ऑब्जेक्टाची नोंद असते. आणि एका सेशनमध्ये एका ओळीसाठी एकच ऑब्जेक्ट, हा नियम कसोशीने पाळला जातो. सीटीएसएसमधील दोन फाइलींना जी वेगळी ओळख लाभली नाही, ती येथे प्रत्येक ओळीला लाभते. हा नियम एका सेशनपुरता आहे हे मात्र विसरता कामा नये. दोन सेशनांत एकाच व्यक्तीचे दोन ऑब्जेक्ट असू शकतात. एकच सेशन अनेक धाग्यांत वाटून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सेशनची घडण त्यासाठी केलेलीच नाही. प्रत्येक मागणीस स्वतंत्र सेशन, हीच सुरक्षित रीत होय.

तिसरा प्रश्न किती माहिती वाचावयाची हा. एका विद्यार्थ्याचे अनेक अर्ज असतात, प्रत्येक अर्जाला अनेक कागदपत्रे असतात. विद्यार्थी मागविला म्हणून हे सर्व ओढून आणणे अनावश्यक आहे. म्हणून लायब्ररी सामान्यतः संबंधित ऑब्जेक्ट मागेपर्यंत आणीत नाही. ही काटकसर एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हिताची ठरते, पण यादीच्या बाबतीत महाग पडते. शंभर विद्यार्थ्यांची यादी वाचण्यास एक विचारणा, आणि मग प्रत्येकाचे अर्ज पाहताना एकेक, अशा एकशे एक विचारणा डेटाबेसकडे जातात. सर्वांचे अर्ज एकत्र आणावेत असे आधीच सांगितले, तर हेच काम दोन विचारणांत होते. तसेच, सेशन बंद झाल्यानंतर एखाद्या ऑब्जेक्टाकडे त्याचे न आणलेले अर्ज मागितले, तर तो ते देऊ शकत नाही. डेटाबेसशी त्याचा संबंध तुटलेला असतो आणि लायब्ररी त्रुटी कळविते.

५. दोघांनी एकच नोंद बदलली तर

एका विद्यार्थ्याने आपला पत्ता बदलण्यासाठी नोंद उघडली आणि त्याच सुमारास कार्यालयातील लिपिकानेही तीच नोंद पत्ता दुरुस्त करण्यासाठी उघडली, असे समजू. दोघांच्या सेशनांत जुना पत्ता आहे. विद्यार्थ्याने नवा पत्ता साठविला. क्षणभराने लिपिकाने जुन्या अर्जावरून लिहिलेला पत्ता साठविला. डेटाबेसने दोन्ही आज्ञा पाळल्या, कोणास त्रुटी दिसली नाही; पण विद्यार्थ्याचा बदल नाहीसा झाला, आणि त्याचे प्रवेशपत्र चुकीच्या घरी जाणार हे ठरून गेले. दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले असते, तर केवळ बदललेले रकाने पाठविण्याच्या रीतीमुळे दोन्ही बदल टिकले असते. एकच रकाना बदलला असता ती रीत उपयोगी पडत नाही.

यावर प्रचलित उपाय असा की, प्रत्येक ओळीत आवृत्तीचा एक क्रमांक ठेवावा. नोंद बदलताना ‘क्रमांक पाच, आणि आवृत्ती मी वाचली तेव्हाची असेल तरच’ अशी अट घातली जाते आणि बदलासोबत आवृत्ती एकाने वाढविली जाते. मध्यंतरी दुसऱ्याने बदल केला असेल, तर ही अट कोणत्याही ओळीस लागू पडत नाही. एकही ओळ बदलली नाही हे पाहून लायब्ररी त्रुटी कळविते, आणि लिपिकाला ताजी नोंद पाहून निर्णय घेता येतो. एसक्यूएल-अल्केमीत ही सोय तयार आहे. मात्र आवृत्तीचा रकाना कोणता, हे सांगितल्याशिवाय ती कार्यान्वित होत नाही.

याच जातीची दुसरी चूक ई-मेलच्या बाबतीत होते. ‘हा ई-मेल आधी कोणाचा आहे काय’ असे विचारून, उत्तर नकारार्थी आल्यावर नोंद करणे पुरेसे नाही. विचारणे आणि नोंद करणे यांच्या मध्ये दुसरा कोणी तोच ई-मेल नोंदवू शकतो. अद्वितीयतेची अट डेटाबेसच्या रकान्यावरच घातली पाहिजे, म्हणजे दोहोंतील एक नोंद निश्चितपणे नाकारली जाईल.

६. जे साठवू नये

आतापर्यंतच्या विवेचनात लायब्ररी काय करू शकते ते पाहिले. पासवर्डाच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. वापरकर्ता ओळखण्यासाठी पासवर्ड साठविणे आवश्यकच नाही, ही महत्त्वाची गोष्ट केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांना सुचली आणि मॉरिस विल्क्स यांनी आपल्या १९६८ सालच्या ग्रंथात ती नमूद केली. पासवर्डावर अशी क्रिया करावी की जिचे फलित सहज काढता येईल, पण फलितावरून मूळ पासवर्ड काढणे अशक्यप्राय असेल. आणि केवळ फलित साठवावे. पुढच्या वेळी दिलेल्या पासवर्डावर तीच क्रिया करून दोन फलिते ताडून पाहावीत.

१९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीच्या अनुभवावरून या रीतीची उणीव दाखवून दिली. त्यांनी जमविलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी सुमारे ८६ टक्के एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशादी याद्यांत सापडणारे होते. तेव्हा फलितावरून मूळ काढण्याची गरजच नव्हती. संभाव्य शब्दांची फलिते काढून जुळवून पाहणे पुरेसे होते. त्यावर त्यांनी दोन उपाय योजले. क्रिया मुद्दाम मंद केली. आणि प्रत्येक पासवर्डासोबत १२ बिटांची एक यदृच्छ संख्या मिसळली, जिला ‘सॉल्ट’ म्हणतात. त्यामुळे एकाच पासवर्डाची ४,०९६ वेगवेगळी फलिते संभवू लागली आणि एकदा काढलेली यादी सर्वांवर चालेनाशी झाली. याच दिशेने पुढे नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर्स यांनी १९९९ साली ‘बीक्रिप्ट’ मांडले. त्यात यंत्रांचा वेग वाढेल तसतसा क्रियेचा भार वाढविता येतो. पासवर्डांसाठी घेण्यात आलेल्या खुल्या स्पर्धेत २०१५ साली निवडलेली ‘आर्गॉन२’ ही पद्धत वेळेबरोबरच मोठी स्मृतीही वापरावयास लावते, ज्यामुळे खास यंत्रांनी एकाच वेळी असंख्य प्रयत्न करणे महाग पडते.

ऑब्जेक्टाच्या कल्पनेचा खरा उपयोग येथे दिसतो. वापरकर्ता-वर्गात पासवर्ड स्वीकारून त्याचे फलित ठेवणारी एक क्रिया असावी, आणि दिलेला पासवर्ड जुळतो की नाही एवढेच सांगणारी दुसरी. पासवर्ड परत देणारी क्रियाच असू नये. अशी रचना केल्यास प्रणालीच्या इतर कोणत्याही भागात निष्काळजीपणे पासवर्ड वाचण्याची सोयच उरत नाही. तथापि फलित हाही ऑब्जेक्टाचा गुणधर्म असल्यामुळे, तपासणीच्या नोंदींत सगळा ऑब्जेक्ट छापला किंवा ‘सर्व गुणधर्म बाहेर पाठवा’ असे लिहिले, तर फलितही बाहेर जाते. बाहेर जाणाऱ्या गुणधर्मांची यादी नेहमी नावे घेऊन करावी. वगळावयाच्या गुणधर्मांची यादी करून भागवू नये, कारण उद्या वर्गात नवा गुणधर्म आला की ती यादी अपुरी पडते.

७. देवनागरीतील नावे

मराठी भाषकांच्या माहितीबाबत ओळखीचा प्रश्न आणखी एका पातळीवर उभा राहतो. ‘कऱ्हाडे’ हे नाव घ्या. युनिकोडमध्ये यातील ‘ऱ’ला ०९३१ हा षोडशमान क्रमांक असलेले स्वतंत्र चिन्ह आहे; पण तेच अक्षर साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. पहिल्या रीतीने या नावात ७ चिन्हे होतात, दुसऱ्या रीतीने ८. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्याने एक रूप २१ बाइटांचे, तर दुसरे २४ बाइटांचे होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. रकान्यातील मजकूर चिन्हे ताडून पाहणाऱ्या डेटाबेसला मात्र ती दोन भिन्न नावे वाटतात, आणि एका कळफलकावरून नोंदविलेला विद्यार्थी दुसऱ्या कळफलकावरून शोधता सापडत नाही.

या दोन रूपांना युनिकोडने समतुल्य मानले आहे. ‘एनएफसी’ नावाचे प्रमाणीकरण केल्यास दोन्हींचे एकच रूप होते. पायथनमध्ये ते करण्याची सोय आहे. परंतु ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह या तिसऱ्या रीतीनेही रफाराऐवजी हाच अर्धा ‘र’ उमटविता येतो. हे रूपही २४ बाइटांचे असते; मात्र प्रमाणीकरणाने ते पहिल्या दोहोंशी एक होत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. नाव साठविताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, एकच नियम लावला तरच उपयोग. एकाच बाजूने लावल्यास घोटाळा वाढेल. हा नियम वर्गाच्या आत, नाव स्वीकारणाऱ्या एकाच क्रियेत लिहिणे सर्वांत श्रेयस्कर.

पासवर्डाच्या बाबतीत याचे परिणाम अधिक कठोर होतात. फलित बाइटांवरून निघते. म्हणून दोन रूपांची फलिते सर्वस्वी भिन्न असतात आणि योग्य पासवर्ड देणाऱ्यासही प्रवेश नाकारला जातो. शिवाय बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेते. रोमन अक्षरांत ती मर्यादा ७२ अक्षरांची असते, तर देवनागरीत ती २४ चिन्हांवरच येऊन थांबते. आणि काना, मात्रा, हलन्त यांची गणना स्वतंत्र चिन्हे म्हणून होते. मराठीतील चार-पाच शब्दांचा लांब पासवर्ड सुरक्षित समजून निवडणाऱ्याच्या वाक्याचा उत्तरार्ध अनेक आज्ञावल्यांत मुकाट्याने दुर्लक्षिला जातो.

८. परीक्षा कशी घ्यावी

साठवण योग्य होते की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थी बहुधा असे करतात : ऑब्जेक्ट साठवितात, लगेच त्याच सेशनकडून त्याच क्रमांकाचा वापरकर्ता मागतात, आणि सर्व गुणधर्म जुळले म्हणून समाधान मानतात. चौथ्या विभागात सांगितलेला नकाशा आठवला, म्हणजे ही परीक्षा निरर्थक का ते कळून येईल. सेशनने परत दिला तो पूर्वीचाच ऑब्जेक्ट होता. तो स्वतःशी जुळला यात नवल ते काय? एखादा गुणधर्म रकान्याशी जोडावयाचाच राहून गेला असेल, तरीही तो या ऑब्जेक्टावर जसाच्या तसा दिसेल. खऱ्या परीक्षेत व्यवहार कायम करावा, सेशन बंद करावे, नवे सेशन उघडून तेथे वापरकर्ता वाचावा, आणि मग मूल्ये ताडून पाहावीत. याला जोडून आणखी तीन परीक्षा घेतल्या पाहिजेत. दोन सेशनांतून एकच नोंद बदलून पाहावी, ‘कऱ्हाडे’सारखे नाव तिन्ही रीतींनी लिहून शोधावे, आणि बाहेर जाणाऱ्या माहितीत पासवर्डाचे फलित नाही याची खात्री करावी.

शेवटची परीक्षा खोडून टाकण्याची. भारतीय संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व खोडून घेण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य करण्यात आला आहे. वापरकर्त्याची ओळ काढून टाकली, एवढ्याने तो हक्क पुरा होईलच असे नाही. एसक्यूएल-अल्केमीत वेगळे काही सांगितले नसल्यास, विद्यार्थ्याचा ऑब्जेक्ट खोडताना त्याच्या अर्जांच्या ओळी खोडल्या जात नाहीत. त्यांतील विद्यार्थ्याचा क्रमांक तेवढा रिकामा केला जातो. अर्जात लिहिलेले नाव, पत्ता व दूरध्वनी डेटाबेसात तसेच राहतात. कोणत्या संबंधित ओळी सोबत जाव्यात आणि कोणत्या हिशेबासाठी ठेवाव्यात, हे ठरविणे लायब्ररीच्या आवाक्यातील काम नाही. ज्या व्यक्तीची ती माहिती आहे, तिचे हित आणि संस्थेची गरज यांचा विचार करून आज्ञावलीकाराने व संस्थेने मिळून ते ठरवावयाचे असते, आणि तो निर्णय पहिली ओळ साठविण्यापूर्वीच वर्गाच्या रचनेत लिहून ठेवावयाचा असतो.